तुळसाबाईची चार ढेकळं

संकट गावात येण्याआधी त्याचं प्रशिक्षण गावात आलं पाहिजे, हे आता सर्वमान्य झालं आहे. प्रशिक्षण आधी होऊन गेलं असलं की पुढे संकट आलं तरी कोणाची चूक निघत नाही. हजेरीपत्रक दाखवता येतं. आमच्या चिचटोल्याचं हजेरीपत्रक माझ्याकडे आहे. अक्षर माझंच. ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं कारकुनी करून मी निवृत्त झालो, आणि तेव्हापासून गावात कोणतीही समिती निघाली की 'सचिव : मधुकरराव' असं मला न विचारता लिहून टाकतात. (बहुतेक वेळा ते मलाच लिहावं लागतं.)

चिचटोला दिघोरीच्या रस्त्यावर उतरून दीड किलोमीटर आत आहे. एकशे त्रेचाळीस कुटुंबं, एक जुना तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, एवढाच पसारा. यंदा मृगात शहरातल्या एका संस्थेनं 'कुटुंबकेंद्रित हवामान सजगता अभियान' यासाठी आमची निवड केली. निवडीचे निकषही पत्रात दिले होते : गाव साधं असावं, तलाव देखणा असावा आणि चारचाकी शेवटपर्यंत जावी. आमच्या तलावाला कोणी देखणा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी लोक मुद्दाम पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जाऊन तलाव पाहून आले.

अभियानाचे समन्वयक कुलदीप सर. वय सव्वीस, फोन दोन, आणि मनानं खरोखर चांगला पोरगा. त्याच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही, हीच माझी अडचण आहे. पहिल्या सभेत तो म्हणाला की हवामानबदल एकट्यादुकट्याला समजावून उपयोग नाही, आई-बाप, पोरं, आजी-आजोबा सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं पाहिजे. सतरंजी समाजमंदिरातून आणली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू असल्यामुळे तिच्यावर बसायला माणसं नव्हती, तेव्हा 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या जरा सैल करून घरटी एक मूल आणि एक चप्पल जोड अशी हजेरी लावली. चप्पल ठेवलेली आहे म्हणजे माणूस जवळपासच असणार.

शिक्षण मात्र झालं. तीस फुटी फ्लेक्सवर हवामानाची साप-शिडी छापून आणली होती. झाड लावलं की शिडी, प्लास्टिक जाळलं की साप. (तो प्लास्टिकचा फ्लेक्स जाळलेला नाही, याची नोंद घ्यावी. तो सरपंच ललिताबाईंच्या गोठ्यावर आहे आणि पाणी अजिबात गळत नाही.) ज्ञानाची मोजणीही झाली. अभियानापूर्वी गावाचं हवामानविषयक ज्ञान ११ टक्के भरलं, आठवडाभरात ७४ टक्के. हे ११ टक्के कसे निघाले ते सांगतो. प्रश्नावलीत विचारलं होतं की 'कर्ब पदचिन्ह' म्हणजे काय. तुळसाबाई म्हणाली, "ते मले नाही मालूम बावा. पाऊस कवा खंड देईल ते सांगू काय?" हा पर्याय दिलेल्या चार पर्यायांत नसल्यामुळे तिला शून्य गुण पडले.

तुळसाबाई म्हणजे तलावाच्या शेवटच्या टोकाची. तिच्या सहा बांध्या सगळ्यात खाली, जिथे पाट संपतो तिथे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पोरगा आणि सून नागपूरला कंपनीत, घरात ती आणि अकरावीतली नात दीपमाला. सहा बांध्यांत भारी, म्हणजे उशिरा येणारा धान लावते. विकायला नाही, दोघींना आणि नागपूरच्या चौघांना वर्षभर खायला. ती सहा माणसं काय खाणार हे त्या सहा बांध्या ठरवतात. हे लक्षात ठेवा, कारण अहवालात ते कुठेच नाही.

आता तलावाच्या पाण्याविषयी. याबाबत आमच्याकडे एक फार मागासलेली पद्धत होती. पावसाळा सरता सरता पाऊस दडी मारतो, आणि भारी धान नेमका तेव्हाच निसवतो, म्हणजे लोंब बाहेर काढतो. त्या वेळी त्याला एक पाणी लागतं. एकच. मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसता बदरा, वरून धान आणि आत हवा. हे पाणी कधी सोडायचं ते ठरवायला समिती नव्हती. ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, तो आपल्या बांधीतलं एक ढेकूळ आणून पाळीवरच्या चपट्या दगडावर ठेवायचा. देवाजी, जो बापाच्या काळापासून तलावाचं गेट पाहतो, तो ते ढेकूळ मुठीत दाबायचा. बोटाला ओल लागली तर थांबा. भुगा झाला तर गेट उघडा. अर्ज नाही, ठराव नाही, फोटो नाही. एवढं काहीच नसताना पाणी शेवटपर्यंत कसं पोचत होतं, हा संशोधनाचा विषय आहे.

ऑगस्टमध्ये अभियानाचा कळस आला : 'कुटुंब तिथे तलाव'. प्रत्येक कुटुंबानं पाळीवर उभं राहून, मागे भरलेला तलाव आणि हातात संदेशाची पाटी, असा फोटो काढायचा. फोटो अभियानाच्या पानावर चढणार, जगभरचे लोक पसंतीचा अंगठा देणार, सर्वाधिक अंगठ्यांचं कुटुंब 'हवामान-सजग कुटुंब' ठरणार. शिवाय गावाचं मूल्यमापन होणार, त्यात 'जलसाठा जपणूक' या सदराला चाळीस गुण. त्यासाठी कुलदीप सरांनी गेटाजवळच्या भिंतीवर निळ्या रंगाची एक रेषा मारून घेतली. मूल्यमापनाच्या दिवशी पाणी त्या रेषेला टेकलेलं पाहिजे.

मग शपथ झाली. दीपमाला गावाची हवामानदूत होती, तिनं माईकवर वाचली आणि एकशे त्रेचाळीस कुटुंबांनी हात पुढे करून म्हटली, की आम्ही आमच्या तलावाचं पाणी प्राणपणानं जपू. शेवटी गेटाच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं, कुलपाला हिरवी फीत बांधली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. एकटा देवाजी डोकं खाजवत उभा होता.

"सर," तो म्हणाला, "अन् पाणी सोडाचं असन तं?"

"काका, सोडायचं नाही, हाच तर मेसेज आहे," कुलदीप सर हसून म्हणाला. किल्ली त्यानं खिशात टाकली.

चौदा सप्टेंबरला शेवटचा पाऊस पडला. नंतर आभाळ असं लख्ख झालं की फोटो फार सुरेख येऊ लागले. निळं आभाळ, निळं पाणी, निळी रेषा. काही कुटुंबांनी पहिले फोटो मागे घेऊन नवे काढले.

चोवीस तारखेला तुळसाबाईनं पहिलं ढेकूळ आणलं. दगडावर ठेवलं. देवाजीनं मुठीत दाबलं, भुगा झाला, वाऱ्यानं उडून गेला. देवाजी उठला, गेटाजवळ गेला आणि कुलूप पाहून परत आला.

"काय गा देवाजी, काहून बसला?"

"चाबी कुठं हाय माह्याजवळ?"

"मंग कोणाजवळ हाय?"

"नागपूरले."

तुळसाबाई माझ्याकडे आली. अभियान समितीचा सचिव मी. मी कुलदीप सराला फोन लावला आणि ढेकळाची सगळी पद्धत नीट समजावून सांगितली. माझं बोलणं संपेपर्यंत पोरगा गहिवरला होता. हे तर अस्सल लोकज्ञान आहे, काकाजी, हे आधी का नाही सांगितलं, म्हणाला. पुढचं ढेकूळ मात्र फोडू देऊ नका, अशी त्यानं कळकळीची विनंती केली.

दुसरं ढेकूळ सव्वीस तारखेला आलं आणि फुटलं नाही. ग्रामपंचायतीच्या सभागृहात 'पारंपरिक जलज्ञान' असं दालन उभारलं, त्यात पांढऱ्या कापडावर ते ठेवलं. शेजारी चिठ्ठी : 'ढेकूळ. काळ : वर्तमान. दात्री : श्रीमती तुळसाबाई. हे ढेकूळ कोरडे झाल्यास तलावाचे पाणी सोडण्याची प्रथा आहे. कृपया हात लावू नये.' दोन दिवसांत तीनशे बारा लोकांनी भेट दिली, जवळच्या गावांतली पोरं गाडी करून आली. सगळ्यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. ढेकूळ चुलीतल्या राखेइतकं कोरडं होतं, हे उघड होतं. सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले आणि घरी गेले. मी दोन दिवस त्या दालनाच्या दारात वही घेऊन बसलो होतो, मला एकानंही विचारलं नाही की मग पाणी सोडलं का. इथे मला राग आला होता, हे कबूल करतो. पण अभ्यागत-नोंदवहीत रागासाठी रकाना नसतो.

तिसरं ढेकूळ दीपमालानं आणलं, आणि ते आणण्याची तिची तऱ्हा वेगळी होती. गावात अभियान खरोखर कोणाला समजलं असेल तर या पोरीला. (ही अभियानाची त्रुटी मानावी की यश, याबाबत अहवाल मौन बाळगतो.) तिनं रोज सकाळी शाळेच्या पट्टीनं बांधीतल्या भेगा मोजल्या होत्या. चोवीसला दीड सेंटिमीटर, सव्वीसला सव्वादोन, अठ्ठावीसला तीन. समितीच्या बैठकीत ढेकूळ टेबलावर ठेवून ती वही उघडून उभी राहिली.

"सर, तुमच्या पुस्तिकेत पान नंबर नऊवर लिहिलं आहे, का पावसात खंड पडला तर साठवलेलं पाणी पिकाले द्या. मी पाठ केलं आहे. हे चौदा दिवसांचं मोजमाप आहे. आजीचा धान निसवून राहिला. सहा दिवसांत पाणी नाही भेटलं तं सगळा बदरा होते."

कुलदीप सराच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं सांगत नाही, खरंच आलं. त्यानं तिला तेच पुन्हा एकदा, जरा खिडकीकडे तोंड करून बोलायला लावलं आणि त्याची चित्रफीत केली. तिथल्या तिथे तिला 'उत्कृष्ट सादरीकरण' प्रमाणपत्र जाहीर केलं.

"मंग गेट?" दीपमालानं विचारलं.

"मूल्यमापन झालं की नक्की, बेटा. चारच दिवस तर आहेत."

विषय मतासाठी ठेवला. सरपंच ललिताबाईंची बांधी गेटाला लागून, धान हलका, कापायला आलेला. त्या म्हणाल्या, "आता पाणी सोडलं तं माह्या उभ्या धानात चिखल होते, वो पोरी." बाकीचे सदस्य फोनमध्ये पाहत होते, कारण गावातल्याच टिकारामच्या कुटुंबाचे अंगठे दोनशेच्या वर गेल्याची बातमी नुकतीच आली होती. मी तटस्थ राहिलो. तटस्थ राहायला घरची विहीर लागते, ती माझ्याकडे आहे. दीपमाला माझ्याकडे पाहत होती. मी इतिवृत्त लिहीत होतो.

दोन ऑक्टोबरला मूल्यमापन पथक आलं. एवढ्या उन्हात पाणी थोडं आटलं होतं आणि निळ्या रेषेपासून चार बोटं खाली गेलं होतं. सकाळीच ती रेषा खरवडून चार बोटं खाली नव्यानं मारली होती, त्यामुळे पाणी बरोबर टेकलं. गावाला शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. चार गुण कशाचे कापले ते विचारलं, तर रंग ओला होता म्हणाले.

त्याच दिवशी चौथं ढेकूळ. तुळसाबाई ते पदरात घेऊन पथकाच्या गाडीपर्यंत गेली आणि पथकाच्या प्रमुख बाईंच्या हातावर ठेवून म्हणाली, "दाबून पाहा, बाई." बाईंनी ढेकूळ नाकाजवळ नेलं, डोळे मिटले, "मातीचा वास!" म्हणाल्या, आणि आठवण म्हणून गाडीच्या काचेजवळ ठेवून दिलं. ते ढेकूळ आता कोणत्या शहरात आहे, मला माहीत नाही. गाडी गेल्यावर तुळसाबाई बराच वेळ तिथेच रस्त्यावर उभी होती. मी तिला म्हटलं, झालं आता, संध्याकाळी कुलूप काढतील.

काढलं नाही. अंगठ्यांची मुदत तीस सप्टेंबरला संपली होती, त्या दिवशी आमच्या गावाच्या फोटोंना एकूण चार हजार तीनशे अठरा अंगठे होते. पण पुढचे दोन दिवस बाहेरच्या लोकांची एवढी विचारणा आली की संस्थेनं जाहीर केलं : लोकाग्रहास्तव स्पर्धेस पाच ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ, नवे फोटो स्वीकारले जातील. नवे फोटो म्हणजे मागे भरलेला तलाव हवा. किल्ली खिशातच राहिली. कुलदीप सरानं गटावर हात जोडलेलं चित्र टाकून सर्वांना धीर धरायला सांगितलं.

चार तारखेला सकाळी तुळसाबाई पाळीवर गेली. ढेकूळ ठेवायचा तो चपटा दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि कुलपावर घातला. सात वेळा घालावा लागला. देवाजीनं मोजलं, पण अडवलं नाही. मग त्यानं चाक फिरवलं. त्या वेळी पाळीवर टिकारामचं कुटुंब नव्या साड्या नेसून फोटोसाठी उभं होतं, त्यांनी आरडाओरडा केला की पाणी खाली जाऊन राहिलं, फोटो लवकर काढा, लवकर काढा.

पाणी पाटानं शेवटपर्यंत पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. सहा बांध्यांपैकी जी थोडी सखल होती, ओल धरून होती, ती एक वाचली. पाच गेल्या. दीपमालानं प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे प्रत्येक बांधीतून लोंबं काढून दाणे मोजले : शंभरातले सत्त्याऐंशी पोकळ. हा आकडा तिनं समितीला लेखी दिला. ज्ञानवाढीच्या सदरात तो जमा केला आहे.

अहवाल सुंदर छापून आला. चिचटोला जिल्ह्यासाठी आदर्श. शेवटच्या पानावर 'आव्हाने' या मथळ्याखाली एक परिच्छेद आहे : 'एका कुटुंबाने अज्ञानातून जलसाठ्यास हानी पोचवली. अशा कुटुंबांपर्यंत सजगता पोचणे बाकी आहे, हे यातून अधोरेखित होते. यास्तव दुसऱ्या टप्प्यात सदर कुटुंबावर विशेष लक्ष केंद्रित करण्यात येईल.' दुसरा टप्पा सुरू झालाही आहे. दर शनिवारी तुळसाबाईच्या अंगणात साप-शिडी होते. फ्लेक्स नवा आहे. दीपमाला त्या वेळी घरात राहत नाही.

हे सगळं इथे संपलं असतं, पण मागच्या आठवड्यात तुळसाबाई माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"मधुकरभाऊ, एक सांग. मुदत वाढवली ते कोणाच्या सांगण्यानं?"

"लोकाग्रहास्तव, बाई. लोकांचा आग्रह होता."

"कोण लोक? नावं अस्तीन ना त्यायचे?"

नावं होती. अंगठा दिला की नाव उमटतं. तीस सप्टेंबरनंतरचे, म्हणजे फक्त मुदतवाढीतले, दोन हजार पाचशे एकोणनव्वद. दीपमालानं फोनवर पाहून सांगितली, मी उतरवून घेतली. इतकी वर्षं नको ते लिहिलं, हे एक मनापासून लिहिलं. शनिवारचा खेळ आटोपला की तुळसाबाई मांडीवर सूप घेऊन बसते आणि मी एकेक पान वाचून दाखवतो. ती कोणालाही शिव्या देत नाही. पुण्याचा असो, मुंबईचा असो, प्रत्येक नावाला फक्त "हा कोण?" विचारते.

काल चौदाव्या पानावर तुमचं नाव आलं. होय, तुमचंच. आठवत नसेल, आठवायला वेळ लागतो, अंगठ्याला लागत नाही. टिकारामच्या फोटोला दिलाय, पुढे हिरवं बदामही टाकलं आहे. आतापर्यंत तुम्ही आमच्या गावाला हसत होता, म्हणून मध्येच सांगितलं नाही.

"हा कोण?" तुळसाबाईनं विचारलं.

"चांगला माणूस आहे," मी म्हणालो. "वाचणारा आहे. त्याला या विषयाचा फार कळवळा आहे."

 मग सुपातला मूठभर बदरा तिनं कागदात घेतला, पुडी बांधली आणि माझ्यासमोर ठेवली.

"याले पाठवून दे," ती म्हणाली. "म्हनावं, शिजवून पाह्य."

पुडी माझ्याकडे आहे. पत्ता तेवढा कळवा.